गर्दीत गाडीच्या तापमानाचा काटा चढतो, हालोल रस्त्यावर उतरतो: व्हिडिओंतल्या सल्ल्यांतून खरे कारण कसे शोधावे?

प्रश्न: कारेलीबागकर, वडोदरा

नमस्कार. माझ्याकडे २०१५ सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे आणि तिचे ६८,००० किलोमीटर झाले आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी आमच्या सोसायटीत शिरले, तेव्हा ती दीड दिवस अर्ध्या चाकाहून थोड्या अधिक पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर शेजारचे लोक "एकदा चालू करून तर बघा" असे सांगत होते, पण मी चावी फिरवली नाही, बॅटरीची तार काढून ठेवली आणि गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. तिथे इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि फिल्टर बदलले, आतले कार्पेट वाळवले, आणि पुढे सात-आठ महिने गाडीची कसलीही तक्रार नव्हती.

एप्रिलपासून मात्र दुपारच्या वेळी मांडवी आणि न्यायमंदिराच्या गर्दीत एसी लावून हळूहळू जात असताना तापमानाचा काटा मध्याच्या वर चढू लागला. दोनदा तो तीन चतुर्थांशापर्यंत गेला, म्हणून मी गाडी बाजूला घेऊन बंद केली. गेल्या रविवारी आम्ही पावागडला गेलो, तेव्हा हालोलपर्यंत ताशी ८०च्या वेगाने जाताना काटा मध्याच्या खालीच राहिला, आणि परतल्यावर फतेहगंजच्या सिग्नलवर पुन्हा चढला. सिग्नलवर थांबले की एसीचा गारवाही कमी होतो, हे माझ्या मुलीच्या लक्षात आले.

मी शाळेत शिकवते आणि गेल्या दोन वर्षांपासून गाडीची लहानसहान कामे व्हिडिओ पाहून स्वतः करायला शिकले आहे. एअर फिल्टर, बल्ब, वायपर, बॅटरीच्या टोकांची सफाई ही कामे आता मला अवघड वाटत नाहीत, आणि एकदा इंजिन ऑइलही मी स्वतः बदलले. हे शिकणे मला मनापासून आवडते. परंतु या वेळी मी सहा व्हिडिओ पाहिले आणि सहा वेगवेगळी कारणे पुढे आली: थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, रेडिएटरमधला गाळ, रेडिएटरचे झाकण, तापमानाचा सेन्सर आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा ठोकळा यांच्यामधला गळती रोखणारा थर). एका व्हिडिओत तर "आपल्या हवेत थर्मोस्टॅटची गरजच नाही, काढून टाका" असे ठामपणे सांगितले आहे. एका गॅरेजने गाडीचे बोनेटही न उघडता हेड गॅस्केट गेले असल्याचे सांगितले आणि अर्धे इंजिन उतरवावे लागेल असा अंदाज दिला. माझे सासरे म्हणतात की आता प्रयोग पुरे झाले, गाडी गॅरेजकडे सोपवून द्यावी.

मी पंखाही पाहिला. एसी लावला की तो फिरतो, आणि मल्टिमीटरने (वीज मोजण्याच्या उपकरणाने) त्याच्या दोन्ही तारा तपासल्या तेव्हा दोन्हींवर बीप वाजला, म्हणजे तार सलग असल्याची खूण मिळाली. "पंखा फिरतो आणि तारेवर बीप वाजतो, म्हणजे पंख्याचा दोष नाही" असे एका व्हिडिओत सांगितले होते, म्हणून मी ती शक्यता सोडून दिली. आता कुठून सुरुवात करावी, आणि इतक्या परस्परविरोधी सल्ल्यांतून एकावर विश्वास कसा ठेवावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १: जुना फिटर, दांडिया बाजार

ताई, सर्वांत आधी एक गोष्ट. इंजिन गरम असताना रेडिएटरचे किंवा कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीचे झाकण कोणी काहीही सांगितले तरी उघडू नका. ते झाकण आतल्या पाण्यावर दाब धरून ठेवते. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, आणि तो बारमधला दाब असतो. साधे पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळते, पण एक बार जादा दाबाखाली ते सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवताक्षणी तो दाब नाहीसा होतो आणि ११० अंशांचे पाणी एकदम वाफ होऊन अंगावर येते. मी अडतीस वर्षे गॅरेजमध्ये काढली आणि हातातोंडावर असे भाजलेले तीन कारागीर माझ्या डोळ्यांसमोर दवाखान्यात गेले. इंजिन थंड होऊन वरची रबरी नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचे, ही पहिली शिस्त आहे.

आता तुमच्या दुखण्याकडे येतो. तुम्ही दिलेल्या माहितीत निम्मे उत्तर आहे, फक्त त्या व्हिडिओंनी तुम्हाला ते वाचायला शिकवले नाही. गाडी वेगाने पळत असते तेव्हा समोरची हवा आपोआप रेडिएटरमधून जाते आणि पंख्याची गरज जवळजवळ नसते. गाडी थांबली की सगळा भार पंख्यावर येतो. त्यामुळे जी गाडी महामार्गावर थंड राहते आणि सिग्नलवर तापते, तिच्यात पाणी फिरते आहे, पण हवा पुरेशी येत नाही, असे आधी समजायचे. याच्या उलट, गावात ठीक असलेली गाडी महामार्गावर किंवा घाटात तापू लागली, तर रेडिएटर आतून बुजला आहे किंवा पाणी पुरेसे फिरत नाही, असा संशय घ्यायचा, कारण जोरात चालणारे इंजिन जास्त उष्णता बाहेर टाकते आणि अर्धवट बुजलेला रेडिएटर ती पेलू शकत नाही. सिग्नलवर एसीचा गारवा कमी होतो हे तुमच्या मुलीने फार नेमके टिपले आहे. एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो आणि त्यालाही तीच हवा लागते. एकाच वेळी दोघांची तक्रार असेल, तर दोघांना मिळून जे लागते ते आधी तपासावे. पंखा आणि त्याची वायरिंग तिथे येते. शिवाय कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत पुराचा गाळ वाळून बसला नाही ना, हे टॉर्च लावून पाहा.

पंखा फिरतो म्हणजे तो पुरेसा फिरतो, असे मात्र समजू नका. काही गाड्यांत पंख्याला मुळातच दोन वेग असतात, एसीसाठी कमी आणि पाणी तापल्यावर जास्त, हे तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्या. वायरिंगमध्ये वाटेत किती व्होल्ट हरवतात ते कसे मोजायचे ते इथले विजेचे जाणकार माझ्यापेक्षा नीट सांगतील, म्हणून तो भाग मी त्यांच्यावर सोडतो.

हेड गॅस्केटबद्दल काळजी वाटणे साहजिक आहे, परंतु ते गेले असेल तर गाडी आपली लक्षणे दाखवते. बाहेर कुठे थेंब न पडता कूलंट दर आठवड्याला कमी होते. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरातच वरची नळी दगडासारखी ताठ होते, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येतात, धुराला पांढरेपणा आणि गोडसर वास येतो, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसतो. यांतले तुमच्याकडे काय दिसते ते पाहा. शिवाय गॅस्केट गेलेली गाडी हालोलच्या रस्त्यावर तासभर ८०च्या वेगाने शांतपणे चालणार नाही. बोनेट न उघडता कोणी अर्धे इंजिन उतरवायला सांगत असेल, तर त्याच्याकडे गाडी देऊ नका.

थर्मोस्टॅटविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तो काढून टाकण्याचा सल्ला मी चाळीस वर्षे ऐकत आलो आहे आणि त्याने बरीच इंजिने अकाली झिजलेली पाहिली आहेत. थर्मोस्टॅट म्हणजे मेण भरलेली एक झडप असते. पाणी साधारण ८२ किंवा ८८ अंशांना पोहोचले की मेण फुगते आणि रेडिएटरकडचा रस्ता उघडतो. ती झडप काढली तर सकाळी आणि हिवाळ्यात इंजिन कितीतरी वेळ थंडच राहते, कॉम्प्युटरला वाटते की इंजिन अजून तापायचे आहे, म्हणून तो जास्त पेट्रोल सोडत राहतो, आणि जादाचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते. काही इंजिनांत तर हीच झडप बायपासचा रस्ताही बंद करते. तिथे ती काढली की गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जातो आणि गाडी उलट जास्त तापते.

थर्मोस्टॅट खराब आहे असा संशय असेल, तर तो बदलण्याआधी स्वयंपाकघरात तपासता येतो. जुन्या पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने अधांतरी टांगा, म्हणजे तो तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर सोडा आणि मंद आचेवर ठेवा. झडपेच्या फटीत दोऱ्याचे दुसरे टोक अडकवून थर्मोस्टॅट त्यावरच टांगला, तर झडप उघडताक्षणी तो दोऱ्यातून सुटून खाली पडतो आणि तो क्षण चुकत नाही. त्या वेळी थर्मामीटरमध्ये दिसणारा आकडा झडपेवर कोरलेल्या आकड्याच्या जवळ असला, तर थर्मोस्टॅटचा दोष नाही. तुमच्या बाबतीत मला याची गरज वाटत नाही, पण शिकायचे असेल तर यासारखा धडा नाही.

सल्ला कसा पारखावा हा तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. व्हिडिओंखाली दहा लोक लिहितात, "मलाही असेच होत होते, थर्मोस्टॅट बदलला आणि गाडी बरी झाली." ते खोटे बोलत नाहीत. पण थर्मोस्टॅट बदलताना त्यांचे जुने कूलंट निघून गेले, नवे भरले, अडकलेली हवा काढली गेली, सैल नळीला नवी क्लिप बसली, आणि त्यांतल्या कोणत्या कामाने गाडी सुधारली हे त्यांनाही ठाऊक नाही. श्रेय मात्र पैसे देऊन आणलेल्या पार्टला जाते. म्हणून मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना सांगतो की, जो माणूस नुसता "हा पार्ट बदला" म्हणतो त्याचे ऐकून घ्या आणि पुढे जा, पण जो "हे मोजा, आकडा अमुक आला तर माझे म्हणणे चूक ठरेल" असे सांगतो त्याच्याजवळ बसा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर तुमचाही अनुभव त्या दहा जणांसारखाच होईल.

एक वही ठेवा. माझे वडील इथल्या कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ती संस्था सुरू केली ती कारागिरांना त्यांच्या मातृभाषेतून तंत्र शिकता यावे या हेतूने, आणि वडिलांच्या वहीत प्रत्येक कामाची नोंद मराठीत होती: कोणता पाना लागला, कोणता बोल्ट लांब होता, कुठे हात पोहोचला नाही. व्हिडिओ इंग्रजीत किंवा हिंदीत पाहा, पण नोंद स्वतःच्या शब्दांत करा. जे वाक्य आपल्या शब्दांत लिहिता येत नाही, ते आपल्याला समजलेले नसते.

उत्तर २: मांजलपूरचा वाचक

काकांनी तापण्याबद्दल लिहिले आहे, त्यात मला भर घालायची नाही. मी फक्त ब्रेकचा माझा अनुभव सांगतो, कारण ताई पुढे आणखी कामे शिकणार आहेत.

दोन वर्षांपूर्वी मी व्हिडिओ पाहून पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलले. काम सोपे दिसत होते आणि खरोखरच सोपे होते. नवे पॅड जाड असल्यामुळे कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन शिकंज्याने मागे दाबावा लागतो. मी तो दाबला, तेव्हा वरच्या टाकीतून ब्रेक ऑइल बाहेर आले आणि फेंडरवर सांडले, कारण टाकी आधीच काठोकाठ भरलेली होती आणि त्यातले थोडे काढून घ्यावे हे व्हिडिओत नव्हते. ते ऑइल रंग खाते. मी पुसेपर्यंत तळहाताएवढा रंग सुटला होता. त्याहून गंभीर गोष्ट पुढे झाली. चाके बसवून मी गाडी मागे घेतली आणि ब्रेक दाबला, तर पॅडल थेट तळाला गेले. पिस्टन मागे सरकलेला असल्यामुळे पॅड आणि डिस्क यांच्यात अंतर पडले होते, आणि ते भरून काढण्यासाठी गाडी हलवण्यापूर्वी पॅडल दहा-बारा वेळा दाबायला हवे होते. गाडी सोसायटीच्या भिंतीला लागली. मागे माझ्या भावाची लहान मुलगी सायकल खेळत असते, ती त्या दिवशी शाळेत होती.

व्हिडिओत ते पॅडल दाबण्याचे दृश्य होते. मी ते पुढे ढकलले होते, कारण मला वाटले की काम संपले. तेव्हापासून मी कोणताही व्हिडिओ आधी संपूर्ण पाहतो, मगच हत्यारे काढतो. ब्रेक, एअरबॅग, पेट्रोलची नळी आणि सस्पेन्शनची स्प्रिंग ही चार कामे पहिल्यांदा करताना शेजारी जाणकार माणूस उभा असल्याशिवाय मी हात लावत नाही. गाडीसोबत मिळणारा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली कधीच शिरू नका, खाली स्टँड लावा. मागच्या चाकांनाही डिस्क असतील, तर काही गाड्यांत तो पिस्टन दाबून नव्हे तर फिरवून आत न्यावा लागतो, आणि जोराने दाबल्यास हँडब्रेकची आतली यंत्रणा मोडते.

उत्तर ३: मोजूनमापून, मकरपुरा

मी विद्युत अभियंता आहे आणि कारखान्यातल्या मोटारी व पॅनेल यांची देखभाल करते. ताई, तुमचा बीप तुम्हाला फसवतो आहे, आणि हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

मल्टिमीटर बीपसाठी तारेतून अगदी सूक्ष्म प्रवाह पाठवतो, अँपियरच्या हजाराव्या भागाएवढा. तारेतल्या तीस पेळांपैकी (बारीक धाग्यांपैकी) एकच पेळ शाबूत असेल तरी तो प्रवाह आरामात पार जातो आणि बीप वाजतो. पंख्याला मात्र साधारण १० अँपियर लागतात. वाटेत कुठे ०.३ ओहमचा अडथळा असेल, तर बीपला त्याचा पत्ताही लागत नाही. पण १० अँपियर वाहताना त्याच ठिकाणी ३ व्होल्ट खर्च होतात आणि पंख्याला १३.५ऐवजी १०.५ व्होल्टच मिळतात. पंखा फिरतो, पण थकल्यासारखा फिरतो. ते ३ व्होल्ट कुठे नाहीसे होत नाहीत. १० अँपियरला ३ व्होल्ट म्हणजे ३० वॅट उष्णता त्या एका जोडापाशी तयार होते, लहान सोल्डरिंग आयर्नला लागते त्याहून थोडी जास्तच.

म्हणून प्रवाह वाहत असताना मोजा. पद्धत अशी आहे. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, एसी लावलेला, पंखा फिरतो आहे. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. प्रथम बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मोजा आणि आकडा लिहून ठेवा. मग पंख्याच्या प्लगमध्ये मागच्या बाजूने बारीक टाचणी सरकवून मोटरच्या दोन्ही टोकांवर मोजा. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्ट. आता ते कोणत्या बाजूला हरवले हे शोधायचे: मीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि लाल तार मोटरच्या काळ्या तारेवर लावा. इथे ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थिंगच्या, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या वाटेच्या, बाजूला दोष आहे. मग लाल तार बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळी तार मोटरच्या पॉझिटिव्हवर लावा. इथे फ्यूज आणि रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) वाटेत असल्यामुळे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते, पण त्याहून बरेच जास्त दिसल्यास रिलेचे संपर्क जळालेले असू शकतात.

हे करताना ओढणी, सैल बाही आणि केस बांधून ठेवा. काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो, म्हणून पात्यांजवळ हात नेताना बॅटरीची तार काढलेली असावी.

पुरात भिजलेल्या गाडीत हा दोष लगेच न दिसता महिन्यांनी दिसतो, याचेही कारण आहे. गढूळ पाण्यात क्षार असतात आणि ते पाणी तारेच्या आवरणाखाली, पेळांमधल्या बारीक फटींतून दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे वर चढते. बाहेरून तार कोरडी दिसते आणि आत तांबे हळूहळू खाल्ले जाते. हिवाळ्यात पंख्यावर भार नसतो, त्यामुळे एप्रिलपर्यंत काही जाणवत नाही.

आणखी एक सूचना. तुमच्या २०१५च्या गाडीला ओबीडी-२ चा सॉकेट, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचण्याची जागा, स्टीअरिंगखाली असणार. ब्लूटूथचा साधा अडॅप्टर लावला तर काट्याऐवजी कूलंटचे तापमान अंशांत पाहता येते. बऱ्याच गाड्यांचा काटा मधल्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, त्यामुळे तो हलेपर्यंत इंजिन बरेच तापलेले असते. दोषाचा कोड आला तर तो शोधून वाचा, पण त्याचा अर्थ जपून लावा. पी०११८ हा कोड तापमान सेन्सरच्या संपूर्ण सर्किटबद्दल बोलतो. सेन्सर चांगला असून तार तुटली असेल तरी हाच कोड येतो, आणि अनेकजण नवा सेन्सर बसवून निराश होतात.

कारेलीबागकर

काका, मांजलपूरचे दादा आणि मोजूनमापून ताई, तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी सकाळी मुलीला वही-पेन देऊन समोर बसवले आणि मोजणी केली. आकडे असे आले: बॅटरीवर १३.५ व्होल्ट, मोटरवर ९.८ व्होल्ट. अर्थिंगच्या बाजूला ३.१ व्होल्ट आणि पॉझिटिव्ह बाजूला ०.६ व्होल्ट. तिन्ही आकड्यांची बेरीज बॅटरीच्या आकड्याइतकी आली, तेव्हा मुलगी आनंदाने ओरडलीच, आणि मला पहिल्यांदा वाटले की आपण अंदाज करत नाही, खरोखर काही शोधतो आहोत.

पंख्याची काळी तार डाव्या हेडलाइटच्या मागे एका बोल्टने गाडीच्या पत्र्याला जोडलेली आहे. बॅटरीची तार काढून तो बोल्ट मी सोडवला. वरून लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) ठीक दिसत होता, पण उलटा केल्यावर त्याखाली जुन्या तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवट कळंक आणि पांढरी भुकटी होती. आवरण टोकाशी कडक आणि काळपट झाले होते. ते थोडे सोलले, तर आतली तार तांबूस नव्हतीच, काळी होती, आणि बोटाने वाकवताच सात-आठ पेळ तुटून हातात आले. चकाकणारे तांबे दिसेपर्यंत मला जवळजवळ दोन इंच तार कापावी लागली. त्या दोन इंचांवरही बीप वाजतो हे मी मुद्दाम पुन्हा तपासून पाहिले.

नवा लग दाबून बसवला, पत्र्यावरचा रंग आणि गंज घासून स्वच्छ धातू उघडा केला, बोल्ट घट्ट केला आणि वरून व्हॅसलीन लावले. पुन्हा मोजले: बॅटरीवर १३.६, मोटरवर १३.०, अर्थिंगच्या बाजूला ०.१, पॉझिटिव्ह बाजूला ०.५. पंख्याचा आवाज आता इतका वेगळा आहे की सासरे आतून बाहेर आले आणि काय झाले ते विचारू लागले. त्यांना वहीतले दोन्ही वेळचे आकडे दाखवले, ते त्यांनी चष्मा लावून वाचले आणि दुपारच्या चाचणीला स्वतः शेजारच्या सीटवर येऊन बसले. एसी लावून गाडी पंचवीस मिनिटे उन्हात उभी ठेवली. शेजाऱ्यांकडून आणलेल्या ओबीडी अडॅप्टरवर तापमान ९४ ते ९९ अंशांच्या मध्येच खालीवर होत राहिले. शनिवारी हेच तापमान अठरा मिनिटांत १०८पर्यंत गेले होते आणि मी इंजिन बंद केले होते.

काकांनी सांगितलेली हेड गॅस्केटची लक्षणे एकेक करून तपासली, एकही आढळले नाही. रेडिएटर आणि कंडेन्सरच्या मधे मात्र वाळलेला गाळ होता. तो मी अजून काढलेला नाही, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलायची होती.

आता दोन शंका उरल्या आहेत. कूलंट फिकट आणि किंचित तपकिरी दिसते. दुकानदार म्हणतो की हिरव्यात हिरवे आणि लालमध्ये लाल घातले की झाले, आणि एका व्हिडिओत सांगितले आहे की बर्फ न पडणाऱ्या प्रदेशात साधे पाणीही पुरते. यांतले काय खरे? दुसरे, पुरात भिजलेल्या आणखी कोणत्या जागा मी तपासाव्यात?

जुना फिटर

शाबास ताई. गाळ न काढता आधी तारेचा परिणाम मोजला, हे मला सगळ्यांत जास्त आवडले. आता गाळ काढा, पण उच्च दाबाच्या फवाऱ्याने नको, त्याने रेडिएटरचे पातळ पत्रे वाकतात. बागेच्या नळीने, इंजिनाच्या बाजूकडून पुढच्या बाजूला, सावकाश पाणी सोडा.

बर्फाचा मुद्दा परदेशातल्या व्हिडिओंमुळे आपल्याकडे आला आहे. तिथे कूलंटचे पहिले काम पाणी गोठू न देणे हे असते, म्हणून ऐकणाऱ्याला वाटते की वडोदऱ्यात त्याची गरज नाही. पण त्याच द्रवातली रसायने ॲल्युमिनियमचे हेड, पंपाचे पाते आणि रेडिएटर यांना गंजू देत नाहीत, आणि त्यातल्या ग्लायकॉल नावाच्या द्रवामुळे उकळण्याचे तापमानही वाढते. आपल्याकडच्या बोअरवेलच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. चहाच्या किटलीत आतून जसा पांढरा थर बसतो, तसा तो इंजिनाच्या आत बसतो आणि उष्णता अडवतो. तपकिरी छटा म्हणजे आत गंज सुरू झाला आहे, तेव्हा वरून भर घालत न बसता संपूर्ण कूलंट बदला.

रंगावर जाऊ नका. रंग कंपनीने घातलेला असतो, आणि दोन हिरवी कूलंट आतून वेगळी असू शकतात. तुमच्या पुस्तिकेत कूलंटचा प्रकार आणि लिटरचे माप दिलेले असेल, तेच घ्या. तयार मिश्रण आणल्यास त्यात पाणी मिसळायचे नाही, दाट कूलंट आणल्यास बॅटरीसाठी मिळणारे डिमिनरलाइज्ड पाणी निम्मे मिसळायचे. जुने काढताना किती निघाले ते मोजा. मापापेक्षा एक लिटर कमी निघाले, तर तेवढे आत अजून अडकले आहे. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा, म्हणजे अडकलेली हवा निघते, आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहा. काढलेले कूलंट गोडसर असते आणि विषारी असते, गल्लीतली कुत्री ते चाटतात, म्हणून गटारात किंवा अंगणात सांडू नका.

दुसऱ्या शंकेबद्दल: जेवढ्या उंचीपर्यंत पाणी होते, ती रेघ गाडीवर खडूने ओढा आणि तिच्या खालचा प्रत्येक प्लग व प्रत्येक अर्थिंग यादीत लिहा. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जाड पट्टी आधी मोजा. स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाच्या धातूपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर तीही उघडून स्वच्छ करा. त्यानंतर एसी कॉम्प्रेसरचा प्लग, चाकांजवळचे एबीएसचे (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर असतील तर त्यांचे प्लग, आणि चालकाच्या पायाखालच्या कार्पेटखालून जाणारा वायरिंगचा जुडगा पाहा. तिथे ओल सर्वांत जास्त दिवस टिकते.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला मी घरीच आहे. कूलंट बदलताना मी शेजारी उभा राहतो, हात तुमचेच चालू द्या. येताना तो कापलेला दोन इंचांचा तुकडा आणि जुना लग टाकून न देता घेऊन या. माझ्याकडे दोन मुले शिकायला येतात, त्यांना बीप वाजणारी मेलेली तार हातात धरून दाखवायची आहे.